बिनइंजिनाची ऊब

कारा-जिल्गा गावातल्या उल्कान-अपाच्या अंगणात त्या गुरुवारी पाय ठेवायला जागा नव्हती. थंडी अशी की श्वास मिशीवरच गोठावा. पण माणसं हलायला तयार नव्हती. सगळ्यांचे डोळे अंगणाच्या मधोमध उभ्या असलेल्या सोव्हिएत काळातल्या बुटक्या गाडीवर. दोन दारं, गंजलेला पत्रा, चारी बाजूंनी खिडक्यांपर्यंत थापलेला बर्फ. या गाडीचं इंजिन उल्कान-अपाच्या नवऱ्याने मरण्याआधीच विकून टाकलं होतं. तरी गाडी गरम व्हायची. आणि गरम झाली की आत बसणाऱ्याला त्याचं मेलेलं माणूस भेटायचं!

"या, या, डोळ्यांनी बघा!" पितरांना बोलावणारे एसेनकुल-अता (गाव मान देऊन ज्यांना 'अता' म्हणजे बाबा म्हणे) येईल त्याला गाडीच्या मागच्या बाजूला नेत आणि झाकण उघडून दाखवत. या गाडीचं इंजिन मागे असतं. तिथं आता नुसती पोकळी. "इंजिन नाही, शेगडी नाही, धूर नाही. मग ऊब कुणाची? जे मातीत गेले त्यांच्या श्वासाची!"

एवढं बोलून ते पुढे येत आणि गाडीच्या नाकाडावर लोकरीचा जाड नमदा अंथरून त्यावर मांडी ठोकत. ती त्यांची गादी. तिला हात लावायची कुणाची छाती नव्हती. मग ते आत बसलेल्या माणसाच्या सात पूर्वजांची नावं सावकाश, सूर लावून घेत. सातवं नाव झालं की गाडीच्या पोटात 'भप्प' असा आवाज होई. "आले!" अता ओरडत. पाठोपाठ पंख फडफडल्यासारखी घरघर, ऊब, आणि कढवलेल्या चरबीचा वास. दर गुरुवारी कणकेचे बोरसोक तळून त्या वासाने पितरांना तृप्त करणाऱ्या गावाला आणखी काय हवं? वास आला म्हणजे पितर आले. यावर तिथलं शेंबडं पोरही शंका घेणार नाही.

कानिशाय फाटकातून आत आली तेव्हा हाच खेळ चालला होता. उल्कान-अपाची ही मुलगी नारीनच्या रुग्णालयात परिचारिका होती. शेजारच्या बुरुलने आदल्या दिवशी फोन केला होता. "तुझ्या आईच्या तोंडावर काय तेज आलंय म्हणून सांगू! गाल नुसते लालबुंद. पण पोरी, काल भिंत धरून चालत होती गं. ओकलीसुद्धा."

त्या फोननंतर कानिशायचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. धाकटा भाऊ मेदेर हिवाळ्याच्या तोंडावर खिंडीत मेंढरांबरोबर हिमकड्याखाली गेला. आता राहिली होती एक आई.

"अपा कुठाय?" तिने आईविषयी विचारलं.

बुरुलने गाडीकडे हनुवटी उडवली. "आत. आज मेदेर बोलणार आहे. इतके दिवस नुसता दिसायचा. म्हणून आज जास्त वेळ बसायचंय."

कानिशाय गर्दी कापत पुढे गेली. काचेवर आतून थोडी वाफ साचली होती. तिने हाताने बाहेरचं हिम खरवडलं, डोळा लावला. आईचं डोकं मागे कललेलं, तोंड उघडं. गाल खरंच लाल होते. तसे लाल गाल तिने रुग्णालयात पाहिले होते, आणि त्यातले काही पांढऱ्या चादरीखाली झाकलेही होते.

"दार उघडा!"

"दाराला हात लावू नकोस!" अता गादीवरून गरजले. "पितर जेवायला बसलेत. अर्ध्या ताटावरून उठवलंस तर या गावावर..."

"बर्फाने अडकलंय दार! अहो, ती मरतेय आत!"

"मरत नाही, भेटतेय!" मागून कुणीतरी म्हणालं. दोघांनी तिचे दंड धरले. बुरुल रडवेली होऊन म्हणाली, "नको गं, आईच्या मनात आहे, होऊ दे." सगळं गाव तिचं होतं, लहानपणी तिला कडेवर खेळवलेली माणसं होती ती, आणि त्यातला एकही हात तिच्या बाजूने उठेना. कानिशायला वाटलं, आता इथंच बसावं आणि गळा काढावा.

तिने गळा नाही काढला. दंड हिसडून सोडवले, भिंतीशी टेकलेलं बर्फाचं फावडं उचललं आणि काच फोडली.

आतून गरम, गोडसर, डोकं भणाणणारी हवा बाहेर आली. मग मात्र एकदोन गडी आपणहून धावले. फावड्याने बर्फ ओढला, दार ओढलं, आईला बाहेर काढून बर्फावर आडवं केलं. पुढची काही मिनिटं कानिशायला जन्मभर आठवतील. आईचा श्वास सुरू होईना, मग झाला, मग पुन्हा अडखळला. शेवटी ती कुशीवर वळून ओकली आणि कण्हली.

"तालुक्याला फोन करा. ऑक्सिजन घेऊन गाडी पाठवा म्हणावं. विषारी वायूचा रोगी आहे," कानिशाय म्हणाली. आईला तिने घोंगड्यात गुंडाळून बुरुलच्या मांडीवर ठेवलं. मग ती उठली, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि हातात अजून फावडं होतं.

"उतरा," ती एसेनकुलला म्हणाली.

"पापिणी! पितरांची गादी..."

"बाप दाखवा, नाहीतर श्राद्ध करा. उतरा!"

अता उतरले. न उतरून सांगतात कुणाला? कानिशायने नमदा ओढला. त्याखाली, बरोब्बर गुडघ्याशी, एक बटण होतं. तिने नाकाडाचं झाकण उचललं. पुढच्या डिकीत एक बॅटरी, पेट्रोलचा डबा, आणि तिच्या चांगल्याच ओळखीचं एक लोखंडी नळकांडं घरघरत होतं.

"हा आमच्या वडिलांचा हीटर. या गाडीचं इंजिन हवेवर थंड होतं, म्हणून आतल्या उबेला हा वेगळा हीटर असतो. इंजिनाशी याचं काही देणंघेणं नाही. थोडं पेट्रोल, थोडी वीज, झालं काम. वडील याच्याशी दर हिवाळ्यात झटायचे आणि मी विजेरी धरायची. कधी पेटायचाच नाही. कधी आत पेट्रोल साचून असा धडाम्‌ पेटायचा की आमची बकरी पळून जायची. शेवटी ज्यात पेट्रोल जळतं त्या आतल्या भांड्याला भोक पडलं म्हणून त्यांनी काढून कोठीत टांगला. अता, आमच्या कोठीची किल्ली घेऊन तीन दिवस कोंडून घेतलं होतंत म्हणे. ध्यानाला ना?"

अता फाटकाकडे बघू लागले.

तिने बटण बंद केलं, पंखा थांबू दिला. भोकावर डब्याचा पत्रा तारेने आवळला होता. हाताला हलत होता. गरम हवेच्या तोंडाशी मेंढीच्या चरबीचा गोळा चोपडलेला. मग तिने गाडीखालचा बर्फ उपसला. धूर बाहेर टाकणारी नळी बर्फात गाडलेली होती, कुणाला धूर दिसू नये म्हणून. धूर पुढे जाऊ शकला नाही, तो मागे फिरला. भोकातून आत आला.

"आता तुमचे पितर मी बोलावते," ती म्हणाली आणि बटण दाबलं. "किटली! कढई! झारा! लाटणं! चाळणी! बादली! केरसुणी!"

भप्प. घरघर सुरू झाली. मोकळ्या झालेल्या नळीतून काळा धूर फुसफुसत बाहेर आला. गर्दीत एक म्हातारा खुदकन हसला आणि लगेच ओशाळला.

"आतली तार लाल व्हायला थोडा वेळ लागतो. सात नावं नीट सूर लावून घेतली की तेवढा वेळ जातो. बाकी, पूर्वज तुमचे असोत की केरसुणी असो, हीटरला काय त्याचं!"

"पण मला माझा नवरा दिसला होता," एक बाई चाचरत म्हणाली.

"घरची भट्टी विझायच्या आत धुराड्याची झडप लावली तर काय होतं?" कानिशायने तिलाच विचारलं.

"कोंडलेली हवा डोक्यात चढते. डोकं दुखतं, भलतंसलतं दिसतं. झोपेत माणूस जातं."

"हे तुम्हाला माहीत आहे. इथं शेगडी दिसली नाही, म्हणून विसरलात. तोच वायू हा."

"मी फक्त ऊब दिली," एसेनकुल पुटपुटला. त्याचं 'अता'पण एव्हाना गळालं होतं. "दिसलं ते त्यांना दिसलं. मला काय ठाऊक?"

"मग बसा आत. मी काचेवर नमदा लावते, नळी पुन्हा गाडते."

एसेनकुल दोन पावलं मागे सरला. बुरुल मोठ्याने म्हणाली, "अगंबाई! हा मेला कधी आत बसलाच नाही!" मग लोकांनी त्याला फाटकाबाहेर कसं काढलं, ते सांगत बसत नाही. पितर बोलावण्याबद्दल त्याला मिळायची ती मेंढी मात्र मागेच राहिली.

कानिशाय आईजवळ जाऊन बसली. उल्कान-अपाचे डोळे उघडे होते. तिने सगळं ऐकलं होतं.

"मला काय शिकवतेस?" ती क्षीण आवाजात म्हणाली. "ऊब हीटरची, हे मला पहिल्या दिवशीच कळलं. तुझ्या बापाशेजारी जन्म काढला त्या गाडीत. तो भप्प मी ओळखत नाही होय? पण मेदेर? त्याला मी पाहिला गं. तो कुणाचा?"

"तोही त्या धुराचा, अपा."

म्हातारीने डोळे मिटले, पुन्हा उघडले. मग तिची नजर सावकाश फिरली आणि घराच्या धुराड्यावर जाऊन थांबली. कानिशायला ती नजर कळली. युक्ती उघडी पाडली खरी. पण आईच्या हातात ती कृतीच दिली नव्हती का? भट्टी घरात होती, झडप हाताशी होती, आणि रात्र लांब होती.

तिने आईचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "नाही, अपा. माझ्याकडे बघ. मेदेर धुरात नव्हता. धुरात असता तर त्याच धुरात बसलेल्या बाकीच्यांना का नाही दिसला? तो तुझ्या डोक्यात आहे. तू त्याला पाजलंस, चालायला शिकवलंस, ते सगळं तिथं आहे. धूर तेच डोकं मारत होता. ते विझलं की मेदेरही संपला. मग मी एकटी कुणाशी बोलू त्याच्याविषयी? मला तर त्याचं बाळपण नीट आठवतसुद्धा नाही."

आता ती हमसून रडत होती. इतका वेळ दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. आईने घोंगड्यातून हात काढून तिचे गाल पुसले.

"त्याला दात यायला उशीर झाला होता," उल्कान-अपा शेवटी म्हणाली. "तू त्याला बोट चावायला द्यायचीस."

"खरंच?"

"रडायचीस आणि पुन्हा द्यायचीस."

तालुक्याची गाडी आली. स्ट्रेचर आत चढवताना कानिशाय लोकांकडे वळली. कुणी मान वर करत नव्हतं. तिला त्यांचा राग येईना. त्या अंगणात एकही घर असं नव्हतं जिथून कुणी मातीत गेलं नव्हतं.

"आम्ही परत आलो की या," ती म्हणाली. "चहा पिऊ, तुमच्या माणसांविषयी बोलू, रडू. त्याला कुणी अता लागत नाही. पण कुणी बंद दारामागे बोलावलं, तर आत पाय टाकण्याआधी विचारा, ही ऊब येते कुठून? आणि विचारू देत नसेल, तर दार फोडा."