टिटवीचं कूळ

आमच्या मामांना काही विचारायची सोय नाही. मामा म्हणजे माझे सासरे, चन्नबसप्पा. चाकूरच्या मोंढ्यात त्यांची आडत होती, ती आता आमचे हे, म्हणजे मंजूचे पप्पा अमरनाथ, बघतात. मामा दुकानातून उठले ते थेट गोष्टींच्या धंद्यात शिरले. त्यांना किती वाजले विचारा, घड्याळ कुणी आणलं, तो कुठला, त्याची सासुरवाडी कुठली, एवढं सगळं सांगतील. वेळ तेवढी सांगायची राहते.

त्यांची सगळ्यात लाडकी गोष्ट म्हणजे आमचं कूळ टिटवीचं. फार मागं आमचा मूळपुरुष बैलांवर मीठ लादून चालला होता. मांजरेच्या कोरड्या पात्रात दमून झोपला. वर कुठंतरी पाऊस झाला होता आणि पाणी येत होतं, पण याला काय पत्ता? टिटवीनं ओरडून ओरडून त्याला उठवलं. बैल काठावर काढले, जीव वाचला. तेव्हापासून टिटवी आमची कुळाची आई आणि आम्ही तिची लेकरं. एवढी गोष्ट कायम. बाकीचा माल मामांच्या लहरीवर. मिठाची कधी हळद होते, कधी निजामाचा खजिना. नवीन लग्न होऊन आले होते तेव्हा मी शहाणपणानं विचारलं, मामा, मागच्या खेपेला तर हळद होती ना? ते म्हणाले, मीठ खाली होतं, हळद वर होती. तेव्हापासून मी विचारणं सोडलं.

कुणी गोष्टीत काही भर घातली की मामांना लई आवडतं. त्या बैलांच्या गळ्यात घुंगरं असतील का हो, असं कुणी म्हटलं की मामा लगेच हाव म्हणणार, आणि पुढच्या पाहुण्याला घुंगरांचा आवाजसुद्धा काढून दाखवणार. नाही म्हणणं त्यांच्या तोंडात बसतच नाही.

गावाला टिटवी अशुभ. तिन्हीसांजेला ओरडली की लोक शिव्या देतात. आमच्या घरात मात्र तिला माहेरवाशिणीचा मान. शेतात तिनं जमिनीवर अंडी घातली तर तेवढा तुकडा वखर चुकवून जातो. हे मला कबूल आहे, मुक्या जिवाची गोष्ट आहे. पण यंदा बाईसाहेबांनी अंडी घातली ती आमच्या गच्चीवर. वॉटरप्रूफिंगची खडी उरली होती, तिच्यात. चार अंडी, मातकट, वर काळे ठिपके. खडीत ठेवली की कुठला दगड आणि कुठलं अंडं, सांगता येत नव्हतं.

आणि त्याच गच्चीवर मला मंजूच्या बोलणीचा कार्यक्रम करायचा होता.

मंजू म्हणजे मंजुषा, माझी एकुलती एक. नांदेडला फार्मसी शिकली. तिथंच उदगीरचा सोमेश भेटला. दोघांचं ठरलं होतं, घरच्यांना पसंत होतं, पत्रिका-बित्रिकेचा प्रश्न नव्हता. प्रश्न एकच, सोमेशची आजी नागम्मा. त्या घरात नागम्मा हाव म्हणाल्या तर हाव, नाही तर कुणाची टाप नाही. सोमेशनं मंजूला सांगूनच ठेवलं होतं की अम्मा नको म्हणाली तर मी घर सोडून येणार नाही, तूही ये म्हणू नकोस. मंजू हे मला हसत हसत सांगत होती, पण त्या दिवसापासून तिचं जेवणावर लक्ष नव्हतं.

मे महिन्याचा उन्हाळा. घरात माणूस भाजून निघतं. म्हणून मी गच्चीवर संध्याकाळचा बेत केला होता. मंडपवाल्याला सांगितलं, लायटीच्या माळा सांगितल्या. मामांनी सगळं परत पाठवलं. म्हणाले, कुळाची आई बाळंतीण हाय आणि तू तिच्या डोक्यावर लायटी लावायलीस? मी भांडले. मंजूच्या पप्पांना मध्ये घातलं. ते काय, बापापुढं गोगलगाय. शेवटी कार्यक्रम खालच्या खोलीत, एका कूलरवर, हे ठरलं.

मी रागानं टिटवीला बघायला वर गेले. भर दुपारची वेळ. मी पक्ष्यांसाठी पाण्याचं घमेलं ठेवलेलं असतं, त्यात ती येऊन बसली, पोटाची पिसं चिंब भिजवली आणि तुरुतुरु जाऊन अंड्यांवर बसली. ओल्या पोटानं अंडी गार करायली होती. कूलरच की. मी घमेलं भरून ठेवलं आणि खाली आले. मामांना हे सांगितलं नाही, नाही तर त्यांनी मूळपुरुषालाही भिजवलं असतं.

पाहुणे आले. सोमेश, त्याचे आई-वडील आणि मध्ये नागम्मा. बुटक्या, गोऱ्यापान, कपाळावर विभूतीचे पट्टे, आणि नजर अशी की माझ्या भिंतीवरचा पोपडासुद्धा त्यांनी मोजला असेल. शरणार्थ म्हणून एकमेकांना नमस्कार झाले. मी चुरमुऱ्यांचा सुशीला केला होता, तो त्यांनी दोनदा घेतला. माझ्या जिवात जीव आला. मंजू चहा घेऊन बाहेर आली आणि बरोबर त्याच वेळी वर टिटवी ओरडायला लागली.

मांजर आलं असेल नाही तर कावळा. पण अशी ओरडली की बोलणं बंद पडलं. सोमेशच्या आईनं पदर तोंडाला लावला. त्याचे वडील छताकडं बघत म्हणाले, चांगल्या कामात हे काय हो. मंजूनं खाली मान घालून सगळ्यांना चहा दिला.

मामा पुढं सरसावले. अपशकुन कशाचा, म्हणाले, आमची कुळाची आई आशीर्वाद द्यायलीय. आणि मीठ, बैल, मांजरा, पाणी, सगळं सुरू झालं. त्या दिवशी मामा इतके रंगले होते की खुद्द मला ऐकावंसं वाटलं. पाण्याचा आवाज काढला, बैल हंबरले, मूळपुरुष उठला. पाहुण्यांचे चेहरे सैल झाले. मनात म्हटलं, म्हातारा कामाला आला बाई एकदाचा.

नागम्मा तेवढ्या पुढं सरकून बसल्या. मग त्यांनी विचारलं की तिची अंडीही पात्रातच असतील, ती बुडाली काय?

मामांनी हा विचार कधीच केला नव्हता. पण थांबतील ते मामा कसले? बुडतील कशी, म्हणाले, उचलली की. नागम्मांनी विचारलं, पागोट्यात उचलली? हाव, पागोट्यातच. मग बोडक्या डोक्यानं घरी गेला म्हणून लोक हसले असतील? हसले की, लई हसले. आणि त्यानं मिठाचा धंदा सोडून दुकान टाकलं? टाकलं, म्हणजे काय! मामा एकेक हाव म्हणत होते आणि नागम्मांचा चेहरा एकेक हाव ऐकून लांब होत होता. मला कळायला लागलं होतं की काहीतरी बिघडायलंय, पण सुनेनं सासऱ्याचं तोंड धरायचं कसं?

नागम्मांनी कपबशी खाली ठेवली. म्हणाल्या, "अण्णा, ही गोष्ट आमची हाय. मला माझ्या सासूनं सांगितली, तिला तिच्या सासूनं. तेच मीठ, तीच मांजरा, तेच पागोटं. म्हणजे तुमचा मूळपुरुष तोच आमचा. आपण भावकी झालो. भावकीत सोयरीक होत नसती."

सोमेशनं अम्मा म्हणून काही बोलायला तोंड उघडलं, नागम्मांनी नुसता हात वर केला. मंजूच्या पप्पांनी माझ्याकडं बघितलं, जसं काही मीच मांजरेत झोपले होते. आणि मामा! आता नाही म्हणावं तर भर पाहुण्यांत कुळाची गोष्ट खोटी, आणि हाव म्हणावं तर नातीचं लग्न मोडलं. सांगते, मला त्या घडीला त्यांचा भयंकर राग आला. त्या गोष्टीला काडी लावावी वाटली.

मंजू रिकामा ट्रे घेऊन उभीच होती. तिनं तो टीपॉयवर ठेवला आणि सरळ नागम्मांच्या पायाशी जाऊन बसली. विचारलं, अम्मा, अंडी किती होती?

नागम्मा म्हणाल्या, चार. टिटवी चारच घालती.

"मग बघा," मंजू म्हणाली. "पाणी आलेलं. हातात बैलांचे कासरे. त्यांच्या पाठीवर मिठाचं ओझं. आणि पागोटं सोडून चार अंडी उचलायची. एकट्याला जमतंय का, अम्मा?"

मामा टक लावून बघायला लागले.

मंजूनं सांगितलं की तिथं दोघं होते. एक उदगीरकडचा, एक चाकूरकडचा, एकमेकांना ओळखतही नव्हते. यानं दोन उचलली, त्यानं दोन. हा एका काठाला लागला, तो दुसऱ्या. मग दोघं आपापल्या घरी गेले आणि दोघांनी आपली एकट्याचीच गोष्ट सांगितली. दुसऱ्याचं नाव गाळलं. पुरुष घरी जाऊन दुसरं काय सांगतात?

सोमेशची आई एकदम हसली आणि नवऱ्याकडं बघून गप्प झाली. नागम्मांच्या ओठाचा एक कोपरा हलला. पण म्हातारी कच्ची नव्हती.

"दोघं असतील. पण दोघंबी टिटवीचीच लेकरं ना? मग भाऊच की."

"लेकरं कशी, अम्मा? लेकरं तर अंड्यात होती," मंजू म्हणाली. "आपले तर नुसते उचलणारे."

मी मामांकडं बघितलं. बाकीच्यांना काय कळणार, पण मला कळलं. जन्मभर हा माणूस टिटवीचं लेकरू होता. मोंढ्यात कुणी अपमान केला, भाव पडला, सासूबाई गेल्या, तेव्हा आमचं कूळ साधं नाही एवढं म्हणूनच उठून उभा राहिला होता. आणि त्याच्या नातीनं भर पाहुण्यांत त्याला हमाल करून टाकलं.

नागम्मांनी विचारलं, काय हो, पोरगी म्हणते ते खरं का?

मामा, जे कशालाही हाव म्हणतात, त्यांनी आधी टोपी काढली, मांडीवर ठेवली, परत घातली.

"हाव," मामा म्हणाले. "उचलणारेच."

नागम्मा उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू. मला वाटलं, निघाल्या. त्या मामांच्या पुढं जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चला बीगरू, टिटवी दाखवा." त्यांच्या कानडीत व्याह्याला बीगरू म्हणतात, हे एवढं मला ठाऊक होतं. मी आत पळाले, साखर आणायच्या निमित्तानं, आणि ओट्याला धरून मनसोक्त रडले.

वर गेल्यावर टिटवीनं विहिणबाईंचा काही मान ठेवला नाही. डोक्यावरून अशा घिरट्या घातल्या की नागम्मा पदर घेऊन खाली बसल्या आणि कानडीत तिला काहीबाही बोलल्या. मामा खुशीत आले. टिटवी आभाळ पेलायला पाय वर करून झोपते, हेही त्यांनी सांगून घेतलं. मी इतके दिवस बघत होते, ती साधी उभ्यानं झोपते. पण म्हटलं, जाऊ दे, आज त्यांचं लई गेलंय.

लग्नाची तारीख धरायला सोमेश मोटरसायकलवर आला, त्या सकाळी पिल्लं बाहेर पडली होती. कापसाच्या गोळ्याला काड्या लावाव्यात तशी, आणि जन्मल्या जन्मल्या पळणारी. आई मागच्या पडीक रानात उतरून त्यांना हाका मारायली होती. पिल्लं कठड्याच्या कडेकडेनं नुसती पळत होती. कठडा कमरेएवढा, उडता येत नाही, आणि स्लॅब तापायला लागलेला. मी वर गेले तोवर मामा तिथं होते. त्यांनी टोपी काढली आणि गुडघ्यावर बसून दोन पिल्लं तिच्यात घेतली. राहिलेली दोन धरायला वाकले तर टिटवीनं येऊन टकलावर चोच मारली.

"सोमेश!" मामांनी जिन्यात तोंड घालून हाक मारली. "वर या! हेल्मेट घेऊन या!"

तो धावत आला. त्यानं हेल्मेटमध्ये दोन घेतली. मग ही वरात निघाली. पुढं मामा, मागं सोमेश, वर टिटवा आणि टिटवी दोघं शंख करायलेले, आणि शेजारचे सगळे दारात. मंजू जिन्यातून बघत होती. हसायली होती की रडायली होती, मी काही तिला विचारलं नाही.

रानात नेऊन दोघांनी पिल्लं खाली सोडली. टिटवी आली, पिल्लं तिच्या पायांत शिरली आणि बघता बघता ढेकळांत दिसेनाशी झाली. एकानंही मागं वळून बघितलं नाही.

मामा उन्हात तसेच बोडके उभे होते. टकलावर रक्ताचा एक ठिपका. सोमेशकडं न बघता म्हणाले, "आपलं काम नेऊन पोचवायचं. बाकी आपलं काय नसतंय."

सोमेशनं हाव म्हटलं.

मला गलबलून आलं, आणि गलबलून आलं की मी ओरडते, तो माझा स्वभाव. म्हटलं, मामा, टोपी घाला, ऊन लागेल. टोपीत पिल्लांनी घाण करून ठेवली होती. त्यांनी ती बघितली, झटकलीसुद्धा नाही, तशीच डोक्यावर घातली आणि सोमेशला चहाला चला म्हणाले.