अवघ्या दहा मिनिटांत

कार्यक्रम व्हायच्या आधीच त्याची बातमी लिहायची, हे आमच्या धंद्यातलं उघडं गुपित आहे. लोहाऱ्यात बसून बावीस वर्षं मी तेच करत आलोय. उगं नाकं मुरडू नका. आमचं तालुक्याचं पान धाराशिवला दुपारी चारला बंद होतं, अन् अकराच्या कार्यक्रमाला पुढारी येतो पाचला. मग काय करायचं? पत्रिका घ्यायची, त्यातली नावं उतरवायची, 'मोठ्या उत्साहात संपन्न झाला' असं ठोकून द्यायचं अन् सकाळीच बातमी पाठवून मोकळं व्हायचं. एकदा एका चेअरमनला मी सत्कार समारंभात 'प्रमुख उपस्थिती'ला बसवलं, तेव्हा गडी सोलापुरात मुतखड्याचं ऑपरेशन करून पडला होता. त्यानं उलट फोन करून आभार मानले. धनाजीच्या बातमीनं कुणाचं वाकडं होत नाही, असं मी छातीवर हात ठेवून सांगायचो.

आता सांगत नाही.

आमच्या भागातले एक पुढारी आहेत. लहानथोर सगळे त्यांना भाऊ म्हणतात, मीही तेवढंच म्हणतो. भाऊंच्या मित्रमंडळानं रुग्णवाहिका आणली. पांढरीशुभ्र, आत ऑक्सिजन, बाहेर तिन्ही बाजूंनी भाऊंचे हात जोडलेले फोटो. गुरुवारी सकाळी अकराला लोकार्पण होतं. मी नऊलाच बातमी पाठवली. फीत कापली, नारळ फोडला, टाळ्यांचा कडकडाट झाला, सगळं लिहिलं. तरी चार ओळी कमी पडत होत्या. मग माझ्या पदरचं घातलं: 'फोन करताच अवघ्या दहा मिनिटांत रुग्णवाहिका वाड्यावस्त्यांवर रुग्णाच्या दारी पोहोचत असल्याने नागरिकांतून समाधान व्यक्त होत आहे.' खाली ड्रायव्हरचा नंबर दिला. ती दहा मिनिटं मला कुणी सांगितली नव्हती. पाच कमी वाटली, पंधरा जास्त वाटली, म्हणून दहा.

भाऊ काही आले नाहीत. वरचे कुणी साहेब तुळजापूरला दर्शनाला आले, भाऊ त्यांच्या मागं गेले. कार्यक्रम सोमवारवर गेला. मला कळलं साडेपाचला. धाराशिवला फोन लावला, तर डेस्कवरचा कैवल्य म्हणाला, पान गेलं. म्हटलं जाऊ दे, आज ना उद्या फीत कापतीलच की. अन् मी चहा प्यायला गेलो.

शुक्रवारी बातमी छापून आली. गाडी मंडळाच्या ऑफिसापुढं तशीच उभी, तोंडावर लाल फीत बांधलेली.

आता गोरोबाचं सांगतो. लोहाऱ्यापासून अकरा किलोमीटरवर एक वाडी आहे, तिथला हा मेंढका. सातवी शिकलेला. वाडीच्या हॉटेलात रोज सकाळी पेपर मोठ्यानं वाचून दाखवायचं काम त्याचं. चार वर्षांखाली लांडग्यानं त्याची नऊ मेंढरं फाडली. महिनाभर हेलपाटे घालून पंचनामा होईना. मी फोटोसकट बातमी दिली अन् दुसऱ्या दिवशी जीप भरून वनखात्याची माणसं वाडीत हजर. तेव्हापासून गोरोबाचं एकच म्हणणं, पेपरात आलं म्हंजी झालं. मी दिलेली प्रत्येक बातमी तो कात्रीनं कापून ट्रंकेत ठेवायचा. मला कोण कौतुक वाटायचं त्याचं.

त्याची लेक दीपाली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. रुग्णवाहिकेचं कात्रण त्यानं ट्रंकेत ठेवलं नाही. फोन नंबर दिसावा म्हणून भिंतीला डकवलं.

शनिवारी सकाळी दहाच्या सुमाराला दीपालीला कळा सुरू झाल्या. वाडीतल्या सोमलिंगची जीप दारातच उभी होती, लोहाऱ्याला भाडं घेऊन निघाली होती. गोरोबाची बायको नागूबाई म्हणाली, हिच्यातच घालू पोरीला. सोमलिंगनं मागचं सीट रिकामंसुद्धा केलं. पण गोरोबानं त्याला वाटेला लावलं. खड्ड्याचा रस्ता, असल्या जीपगाडीत पोरीला कशाला हादरवायचं? आपली ऑक्सिजनची गाडी दहा मिनिटांत येती की. हे मला सोमलिंगनंच नंतर सांगितलं. सांगताना तो माझ्याकडं बघत नव्हता.

जीप गेली अन् गोरोबानं नंबर लावला. ड्रायव्हर प्रेम, चोवीस-पंचवीसचा पोरगा, गाडीजवळच बसला होता. फीत कापल्याबिगर गाडी हलवायची नाही असा त्याला हुकूम होता. तो म्हणाला, आजोबा, भाऊ सोमवारी येणार हायेत, फीत अजून तशीच हाय. गोरोबाला ते खरंच वाटेना. फीत तर गुरुवारीच कापली, आलेल्या पाहुण्यांची नावंसुद्धा आहेत! फोनवर त्यानं त्या पोराला माझी बातमी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवली. नागरिकांतलं समाधानसुद्धा वाचलं. प्रेम रडकुंडीला आला अन् मंडळाच्या माणसांना विचारत सुटला. हो म्हणायला कुणी तयार नव्हतं.

मग गोरोबानं मला फोन केला. तीन वेळा. मी एका शाळेच्या बक्षीस समारंभात पहिल्या रांगेत बसलो होतो, फोन मुका करून. गंमत बघा, त्या दिवशी नेमका कार्यक्रम वेळेवर सुरू झाला होता.

सरकारी गाडीला फोन लागला तेव्हा ती दुसरा पेशंट घेऊन धाराशिवच्या वाटेवर होती. शेवटी दीड तासानं सोमलिंगचीच जीप परत आली अन् दीपालीला घेऊन गेली. दवाखान्याच्या दारातच, जीपमध्ये, मुलगी झाली. दीपाली वाचली. मुलगी वाचली नाही.

रविवारी गोरोबा माझ्या झेरॉक्सच्या दुकानात आला. मला वाटलं, धरून बडवतोय. बडवलं असतं तर बरं झालं असतं. तो स्टुलावर बसला अन् एवढंच म्हणाला, "पेपरवाले, आमची नात गेली, तेवढं पेपरात टाका."

माझ्या तोंडातून काय निघावं? बावीस वर्षांची सवय. मी म्हणालो, निधनवार्तेला नाव लागतं, वय लागतं. तो म्हणाला, बारसं कुठं झालंय अजून. मग मलाच माझी लाज वाटली. म्हटलं गोरोबा, निधनवार्ता कशाला, सगळंच लिहितो. फीत, गाडी, माझी बातमी, सगळं.

अन् लिहिलंही. माझं नाव घालून, माझी चूक घालून लिहिलं. कैवल्यनं वाचून फोन केला. पोरगा वाईट नाही, पण वर त्याचे साहेब आहेत. म्हणाला, "काका, शुक्रवारी आपण छापलं की गाडी दहा मिनिटांत दारात येते. आता शनिवारी आलीच नाही म्हणून कसं छापायचं? आपणच खोटे पडतो." शिवाय मंगळवारच्या अंकात भाऊंच्या वाढदिवसाची पानभर जाहिरात यायची होती. जाता जाता त्यानं हेही बजावलं की सोमवारच्या लोकार्पणाची बातमी पाठवू नका, ती येऊन गेलीय.

सोमवारी भाऊ आले. फीत कापली, नारळ फोडला, टाळ्या झाल्या. मी लिहिलं होतं तसंच, शब्दाला शब्द.

बुधवारी मी वाडीला गेलो. दीपाली भिंतीकडं तोंड करून बाजेवर पडली होती. त्याच भिंतीवर ते कात्रण. नागूबाईनं मला पाणी दिलं, हे मला जास्त लागलं. मी उभ्यानंच सांगून टाकलं की बातमी येणार नाही. कैवल्य काय म्हणाला तेही सांगितलं. गोरोबा उठला, भिंतीवरचं कात्रण नखानं सोडवलं, उलटं करून मागच्या जाहिरातीतली कोरी जागा माझ्यापुढं धरली.

"हितं लिहा," तो म्हणाला. "तुमच्या हातानं."

मी पेन काढलं. 'निधन' असं लिहिलं अन् थांबलो. नाव विचारायची हिंमत होईना. बाजेवरून दीपालीच बोलली, तोंड न फिरवता. "जाई. म्या मनात ठिवलं हुतं."

जाई लिहिलं. पुढं वय. इथं तरी सोडून द्यावं म्हणून मी पेन उचललं, तर नागूबाई म्हणाली, "वय घाला. दहा मिन्टं जगली. डाक्टरनं घड्याळ बघून सांगितलं."

मी लिहिलं, वय दहा मिनिटं. घडून गेलेली गोष्ट घडल्यानंतर लिहायची वेळ माझ्यावर बावीस वर्षांत क्वचितच आली होती.

गोरोबानं कागद घेतला अन् हॉटेलात वाचायचा तसा मोठ्यानं वाचला. दोनच ओळी होत्या. मग घडी घालून त्यानं तो ट्रंकेत टाकला, बाकीच्या कात्रणांवर.

"ह्ये पेपरात न्हाय येणार," तो म्हणाला.

"न्हाय," मी म्हणालो.

"मग झालंच न्हाय म्हणायचं."

त्यानं ट्रंक लावली अन् मेंढरं सोडायला गेला. मी लोहाऱ्याला आलो. दुकानाच्या फटीत उद्याच्या कार्यक्रमाची पत्रिका कुणीतरी सारून गेलं होतं, अकरा वाजताची.