दहाव्याच्या आत वाळणारा रंग

नाशिकच्या पंचवटीत चित्रकार बरेच होते. पण ज्याच्याकडे गिऱ्हाईक रडतच यायचं असा एकटा केरू पगारे. यात त्याच्या चित्रांचा दोष नव्हता. निदान सुरुवातीला नव्हता.

कारंजा चौकातून रामकुंडाकडे उतरताना उजव्या हाताला त्याचं दुकान. वर पाटी: ‘के. पगारे, आर्टिस्ट. पोर्ट्रेट, साइनबोर्ड, नंबरप्लेट.’ आसपासच्या तालुक्यांतून दहाव्याला येणारी माणसं याच रस्त्याने कुंडाकडे जात. घरात कुणी गेलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी मुलगा नाहीतर जावई पासपोर्टाएवढा फोटो घेऊन केरूकडे येई, आणि त्यावरून दीड हात उंचीचं रंगीत चित्र त्याला दहाव्याला हवं असे. केरू स्वतः बौद्ध. त्याच्या घरी ना पिंड, ना कावळ्याशी काही देणंघेणं. पण धंद्यापायी त्याचं सगळं वेळापत्रक दुसऱ्यांच्या दहाव्यावर चाले.

अडचण एकच होती. जवसाच्या तेलात घोटलेला रंग वाळायला पंधरा दिवस घेतो, पावसाळ्यात महिना. गेलेल्या माणसाला घाई नसते, दहाव्याला असते.

चौऱ्याहत्तर साली सिन्नरकडच्या एका माजी सरपंचांचं चित्र त्याने नवव्या दिवशी दिलं. दहाव्याला त्याला झेंडूचा हार घातला. संध्याकाळी हार काढला, तेव्हा सात पाकळ्या सरपंचांच्या मिशीत राहिल्या. घरच्यांनी ओढून पाहिल्या, तर मिशीही निघायला लागली. मग तशाच ठेवल्या. त्या घरातल्या नव्या सुनांना आता सांगतात, मामंजी फार शौकीन होते.

बाकीचे चित्रकार सरळ सांगत, ‘वर्षश्राद्धाला घेऊन जा.’ मी त्याच्या दुकानात रोज बसायला जायचो. एकदा त्याला विचारलं, ‘तू का नाही सांगत?’

तो ब्रश पुसत म्हणाला, ‘माणूस दहा दिवसच खरा आठवतो हो. नंतर तो फोटोसारखा आठवायला लागतो. वर्षाने नेलेलं चित्र बघतं कोण? भिंत.’

मी चहा मागवला.

लवकर वाळेल, हाताला लागणार नाही, पाण्याने जाणार नाही आणि गरिबाला परवडेल असा रंग स्वतः करायचा, हे त्याने त्याच सुमारास डोक्यात घेतलं. पुढची सहा-सात वर्षं या रंगाने केरूचं जे काही केलं, ते दुसऱ्या कुणाचं केलं असतं तर त्याने किराणा दुकान टाकलं असतं. डिंकात घोटलेला रंग तासाभरात वाळला, पण गुरुजींनी तीर्थ शिंपडल्याबरोबर एका तलाठ्याचं नाक हनुवटीपर्यंत आलं. अंड्यात घोटून त्याने एका माळकरी बुवांचं चित्र काढलं. गुण झकास आला. मुंग्यांनी एक कान खाल्ला, ती गोष्ट वेगळी. रंग कशात घोटला होता, हे बुवांच्या घरी त्याने अजून सांगितलेलं नाही.

मग सत्त्याहत्तरात मोटारीच्या गॅरेजातला रंग आला. तो अर्ध्या तासात वाळला. वास मात्र वाळला नाही. घाटावर पिंड ठेवले, शेजारी चित्र ठेवलं, आणि कावळा येईना. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याची काहीतरी इच्छा राहिली. थोरला मुलगा हात जोडून म्हणाला, ‘धाकट्याच्या पोरीचं लगीन मी करीन.’ कावळा नाही. ‘आईला शेवटपर्यंत सांभाळीन.’ नाही. दीड तासाने, ऊन टाळूवर आल्यावर, त्याने डोळे मिटून सांगितलं, ‘विहिरीत धाकट्याला निम्मा वाटा देईन.’ तेवढ्यात थिनरच्या वासाने गुरुजींना ठसका लागला. ते म्हणाले, ‘तो फोटो आधी लांब न्या हो.’ चित्र वीस पावलं लांब नेलं आणि लगेच कावळा आला. पण विहीर तोवर चारचौघांत देऊन झाली होती.

दुसऱ्या दिवशी थोरला दुकानात आला, शिव्या घेऊन. तिसऱ्या दिवशी धाकटा आला, पेढे घेऊन.

ही बातमी पसरली. त्यातच फोटो स्टुडिओवाले मुंबईहून चार दिवसांत मोठा रंगीत फोटो करून आणायला लागले. केरूकडे उरल्या नंबरप्लेटी. घर चालत होतं ते चांगुणाच्या शिलाई मशीनवर. चांगुणा ही त्याची बायको. बोलायला तिखट, पण केरूच्या रंगाच्या बाटल्यांना तिने कधी हात लावू दिला नाही, शेजारणीला नाही आणि सासूलाही नाही.

ऐंशी साली केरूला शेवटी गोंद सापडला. शेजारचा काळू सुतार लाकूड जोडायला पांढरा गोंद वापरी. तो सांडलेल्या जागी नंबरप्लेटीवर काजळी पडली आणि वाळली. केरूने ती नखाने खरवडली, पाण्याने धुतली, रॉकेलने पुसली. काजळी हलली नाही. त्या दिवशी नंबरप्लेटीचा मालक दोन तास ताटकळला, आणि केरू एकटाच हसत बसला होता.

काव, पिवडी, नीळ, काजळी असे बाजारातले कोरडे रंग त्याने त्या गोंदात घोटले. पहिल्या चित्राला भेगा पडल्या, तेव्हा औषधाच्या दुकानातून ग्लिसरीन आणून चार-चार थेंब घातलं. भेगा गेल्या. परीक्षा म्हणून त्याने अंघोळीच्या बादलीच्या आत एक आंबा रंगवला. महिनाभर त्याच्यावर कढत पाणी पडत होतं. चांगुणाने काथ्याने घासला, राखेने घासला. बादलीची कडी तुटली, आंबा राहिला.

एक खोड उरली. गोंद ओला असताना दुधासारखा पांढरा दिसतो, वाळताना पारदर्शक होतो. म्हणजे रंग काढताना एक दिसणार आणि वाळल्यावर दुसरा. केरूला पुढचा रंग डोळ्यांनी नाही, अंदाजाने काढावा लागे. त्यासाठी त्याने दोनशे ठिपक्यांचा एक पुठ्ठा केला होता: ओला कसा, वाळला कसा. तो पुठ्ठा त्याला पाठ होता.

आता रंग होता. गिऱ्हाईक नव्हतं.

एक्क्याऐंशीच्या मार्चात दिंडोरीकडचा झुंबर नावाचा शेतकरी दुकानाच्या पायरीवर येऊन बसला. आई जाऊन चौथा दिवस होता. आईचं नाव विठाबाई.

‘फोटो?’ केरूने विचारलं.

‘फोटू नाय.’

‘एकही नाही?’

‘एक हाय. पन त्यात ती नाय.’

त्याने स्वतःच्या लग्नातला फोटो काढला. सतरा माणसं. विठाबाई दुसऱ्या रांगेत, पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. दिसत होता तो नाकाचा शेंडा आणि एक हात, तोही फोटोवाल्याला हाकलताना.

‘स्टुडिओत गेलो व्हतो,’ झुंबर म्हणाला. ‘तो म्हनला, फोटूचा मोठा फोटू करतो, पदराचा चेहरा नाय करत. पेंटर, तिचं तोंड घरात कुटंच नाय राह्यलं आता.’

केरूने फोटो ठेवून घेतला.

घरी चांगुणाने मशीन थांबवलं. तिच्या भावाने ओझरच्या विमान कारखान्यात केरूसाठी शब्द टाकला होता. सुट्या भागांवर आकडे रंगवायचं काम. मुलाखत नेमकी दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी होती.

‘अहो, चेहरा न बघता चेहरा काढणार? आणि त्या बादलीतल्या रंगाने?’

‘हे एक होऊ दे. बिघडलं तर ब्रश खाली ठेवतो आणि ओझरला जातो. आकडे काही तक्रार करत नाहीत, माझं नाक असं नव्हतं म्हणून.’

‘शब्द?’

‘शब्द.’

चांगुणाने मशीन परत सुरू केलं. पण सुई बराच वेळ एकाच जागी चालत होती.

सहाव्या दिवशी केरू एसटीने झुंबरच्या गावी गेला. ओसरीवर झुंबर, त्याचा भाऊ, दोन बहिणी आणि कोपऱ्यात लंकाबाई बसली होती. लंकाबाई विठाबाईची धाकटी जाऊ. एका चुलीवर दोघींनी बारा वर्षं काढली आणि मग दोन चुलींवर तीस वर्षं अबोला धरला.

‘आई उभट तोंडाची,’ झुंबर म्हणाला.

‘गोल व्हती की,’ भाऊ म्हणाला.

‘दादा, तू कवा बघितलंस तिच्याकडं? जेवताना ताटाकडंच बघायचास,’ थोरली बहीण म्हणाली. ‘नाक सरळ व्हतं.’

‘जरा बसकं,’ धाकटी म्हणाली.

डोळ्यांवर वाद झाला, कपाळावर झाला, गोंदणात तीन ठिपके की पाच यावरून दोघी बहिणी एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. केरूच्या वहीत चार बायकांचे चेहरे झाले, चारही अनोळखी. लंकाबाईने तोंड उघडलं नाही. शेवटी केरूने वही मिटली आणि विचारलं, ‘रागवल्यावर कशी बघायची?’

एका क्षणात चौघांनी तोंडं केली. डावी भुवई वर, ओठ मिटलेले, हनुवटी किंचित पुढे, आणि नजर अशी की समोरच्याने हातातलं खाली ठेवावं. चौघांची चार तोंडं आणि राग एकच. ओसरीवर विठाबाई चार जागी बसली होती. झुंबरने भावाकडे पाहिलं आणि त्याला एकदम रडू फुटलं.

केरूने वही उघडली.

तीन दिवस त्याने दुकानाची फळी लावून घेतली. दहाव्याच्या चित्रातला माणूस शांत असतो, आशीर्वाद द्यायला बसल्यासारखा; ही या धंद्याची रीत. रागावलेली म्हातारी घाटावर नेऊन ठेवणारा चित्रकार तोवर झाला नव्हता. मी फळीतून डोकावून म्हणालो, ‘केरू, थोडं हसू दे तिला.’

‘हसताना तिला कुणी पाहिलेलं नाही,’ तो म्हणाला. ‘मी कुठून आणू?’

दहाव्याच्या सकाळी झुंबर न्यायला आला, तेव्हा केरू चेहऱ्यावर शेवटचा हात मारत होता. झुंबर दारातच थबकला.

‘पेंटर, हे काय केलं? आई मड्डमीन केली की! लय गोरी.’

‘बसा. चहा घ्या.’

‘चहा कसला! घाटावर मानसं खोळंबलीत. आमी उन्हातली मानसं, आई अशी पीठ लावल्यावानी नव्हती.’

‘साखर किती?’ केरूने विचारलं.

झुंबरने रागारागाने एक घोट घेतला. दुसऱ्या घोटाला तो चित्राकडे बघायला लागला. कपाळ सावळत होतं. मग गाल. उन्हात भाजलेला रंग कातडीतून वर यावा तसा वर आला, गोंदण हिरवं झालं, भुवईखाली सावली बसली. कप रिकामा झाला तोवर विठाबाई आपल्या मूळ रंगावर आली होती आणि कप खाली ठेव म्हणून मुलाकडे बघत होती. झुंबरने तो खाली ठेवला.

चांगुणाही घाटावर आली. लांब, कपडे वाळत घातलेल्या दोरीशी उभी राहिली. ओझरची तयारी करायची की नाही, ते तिला तिथून कळणार होतं.

चित्र ठेवलं. तीर्थ शिंपडलं, थेंब ओघळून गेले, रंग जागचा हलला नाही. हार घातला, सरळ करायला दोनदा काढला, परत घातला. एक पाकळी चिकटली नाही. रंग पास झाला. पण सगळे नुसते चित्राकडे बघत होते. भाऊबंदांत एकजण कुजबुजला, ‘अशी काय काढली?’ केरू आपल्या नखातला रंग बघत राहिला.

तेवढ्यात बायकांतून लंकाबाई पुढे आली. चित्रासमोर उभी राहिली. आणि तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला, थोरल्या जावेपुढे ओढावा तसा.

‘बघ, बघ माझ्याकडं अशी,’ ती म्हणाली. ‘म्या नव्हती घेतली तुझी परात! तीस वर्सं झाली, बोलली नायस. तुझ्याच भावानं नेली व्हती ती चांदवडला. मला ठावं व्हतं. तुला वाईट वाटंल म्हनून सांगितलं नाय. आता बघ भुवई वर करून!’

गुरुजी मंत्र विसरले. लंकाबाई बराच वेळ भांडली. मधेच उत्तराची वाट बघायची, मग पुन्हा सुरू. शेवटी तिने डोळे पुसले आणि ‘पेंटर कोनता?’ म्हणून विचारलं. बायकांनी केरूकडे बोट केलं.

‘माझाबी काढ.’

‘आजी, मी गेलेल्यांचे काढतो.’

‘मी गेल्यावर बघायला येनार हाय का? आत्ताच काढ. आन् हिच्यापरीस गोरी.’

‘गोरी निघते, पण वाळल्यावर काळी होते.’

‘मंग वाळू नको दिऊस.’

मागे दोरीशी चांगुणा तोंडाला पदर लावून हसत होती. रात्री तिने त्याचा इस्त्रीचा सदरा खुंटीला लावून ठेवला. मुलाखतीला होईल, नाहीतर असाच होईल.

सकाळी दुकान उघडलं, तर पायरीवर लंकाबाई बसलेली. पहिल्या एसटीने आली होती. घरात तेरावा व्हायचा होता. ‘दवाखान्यात जाते’ सांगून निघाली होती. तिच्याबरोबर गावातल्या आणखी दोन म्हाताऱ्या होत्या. आयुष्यात एकीचाही फोटो निघाला नव्हता. त्या म्हणाल्या, आमी नुसत्या बघायला आलोय. आणि दोघींनी नवी लुगडी नेसलेली होती.

केरूने लंकाबाईला स्टुलावर बसवलं, पदर मागे घ्यायला लावला. तिने घेतला, लाजली, पुन्हा पुढे ओढला. समोर बसलेलं जिवंत माणूस त्याने सात वर्षांत काढलं नव्हतं. तो नुसता बघतच राहिला.

‘अहो,’ चांगुणा दारातून म्हणाली, ‘साडेनऊची ओझरची एसटी गेली.’

‘बरं. आजी, हनुवटी थोडी खाली.’

‘खाली कशापायी?’ लंकाबाई म्हणाली. ‘एवढी वर केलेली आजपातूर कुनी बघितली नाय. ऱ्हाऊ दे वर.’

चांगुणाने गोंदाचा डबा उघडून त्याच्या हाताशी ठेवला आणि तीन चहा सांगायला गेली.