दोन हातांचा पीळ

ताण्यावरून फिरता फिरता कीर्तीचं बोट एका जागी थांबलं. मग ते मागे आलं, पुन्हा पुढे गेलं.

मोहाडीच्या त्या गल्लीत माग चालवणारी घरं आता मोजकीच. त्यातलं एक कीर्तीचं. मागावरचा ताणा, म्हणजे उभे धागे, संपत आला की त्याच्या टोकाला नवा ताणा सांधायचा. जुना एक धागा, नवा एक धागा, बोटाला चुलीतली राख लावून दोन्हींना पीळ द्यायचा, की पुढचा धागा. या कामाला दोघी लागतात. एक धागे निवडून देते, दुसरी पिळते. दोघी लग्न होऊन या गल्लीत आल्या तेव्हापासून पिळायची कीर्ती, निवडून द्यायची शेजारची धुरपता. कीर्तीचा पीळ असा की धागा तुटेल दुसरीकडे, सांध्यावर नाही.

"धुरपे, हा कोनाचा पीळ आहे?"

धुरपता धागे निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "तुझाच. आणखी कोनाचा?"

"माझा पीळ बोटाच्या टोकाकडे जाते. हा तळहाताकडे वळला. हा बी. हा बी." कीर्तीचं बोट धाग्यांवरून चालत गेलं, आंधळ्याचं बोट भिंतीवरून जावं तसं. "मी जेवाले उठली का तू माझे सांधे सोडून पुन्हा पिळतेस?"

धुरपताने मान वर केली. खरंच होतं ते. गेल्या पावसाळ्यापासून कीर्तीचे हात थरथरत होते. तिच्या बोटांतून राख सांडायची, पीळ सैल पडायचा. कीर्तीला ते कळू नये, सासूला दिसू नये, म्हणून ती पाठमोरी झाली की धुरपता सैल सांधे गुपचूप घट्ट करायची. आपण मैत्रिणीची लाज झाकतो, असं तिला वाटत होतं.

"तू बी मले बिमारच समजून राहिली," कीर्ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, हेच वाईट होतं. "आता ऐक मग. गोळी मी सोडली. मंगळवारपासून. हात माहे मले वापस पायजेत."

धुरपताने हातातले धागे खाली ठेवले.

कीर्तीचा आजार पहिल्यांदा दिसला, त्या दिवाळीची आठवण तिला अजून होती. तेव्हा कीर्ती रात्र रात्र झोपायची नाही. तिच्या तोंडातून गाण्यांमागून गाणी निघायची, आधीचं संपायच्या आत पुढचं. एका बाजाराच्या दिवशी तिने घरातल्या रेशमाच्या साऱ्या कांड्या टोपलीत भरल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातात ठेवल्या, लग्नघरी अक्षता वाटाव्यात तशा. लोक हसत घेऊन गेले. मग सारा हिवाळा ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. पुढे भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी बायपोलरचा आजार सांगितला, लिथियमची गोळी दिली, आणि हळूहळू कीर्ती उठून मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसली. हात मात्र त्या गोळीने थरथरू लागले.

म्हणून गोळी सोडणं म्हणजे काय, हे धुरपताला माहीत होतं. ओठांवर आलं होतं, 'पागल झाली का वं तू?' तो शब्द तिने गिळला. मग जे खरं होतं तेच बोलली.

"चुकलीच मी. सांधे तुझे होते. हात लावाच्या आधी तुले विचाराले पायजे होतं."

कीर्तीने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं.

"भेव वाटलं मले," धुरपता म्हणाली. "तुझे सांधे सुटतीन म्हनून नाही. तू माग सोडशीन म्हनून. आता सांग, गोळी आणखी काय काय करते?"

"कोनी विचारलं नाही आजवर," कीर्ती हसली. "तहान. तलाव पिऊन टाकावा अशी तहान. अंग फुगलं, पोलके होत नाहीत. अन् गानं... गानं येते, पन दारात उभं राह्यते पाव्हन्यासारखं. आत ये म्हनलं त येते. पयले न विचारता घुसत होतं."

"हे डॉक्टरीनबाईले सांगतलं?"

"त्या म्हनतेत कशी आहेस, मी म्हनलं बरी. बाहेर एवढी लाइन. तेथं काय हातापायाचं रडगानं गावं?"

"गायचं. त्याच्यासाठीच त बसल्या त्या."

आतून शेवंताबाई, कीर्तीची सासू, ओरडली, "पोरीहो, ताना सांधून राहिल्या का गप्पा? दोन तोंडं चालतेत, हात एक बी नाही!"

"मावशी, उद्या भंडाऱ्याले जातो आमी," धुरपताने इथूनच सांगितलं.

"कायले?"

धुरपताने कीर्तीकडे पाहिलं. सांगायचं की नाही, ते कीर्तीने ठरवायचं होतं. कीर्तीने पदराला राख पुसली. "गोळीचं विचाराले, मामी. हात थरथरतेत माहे."

आत भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, "मले दिसत नाही का ते? जा. डबा घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी एसटीत खिडकीशी कीर्ती बसली. दोन्हीकडे धान पोटरीवर, लोंब्या फुटायच्या बेतात आलं होतं. ती गुणगुणायला लागली:

*ताना लावला गल्लीमंदी, एक टोक माझ्या हाती,*
*दुसऱ्या टोकाले सई उभी, ऊन घेऊन माथी.*

धुरपताने झटकन तिच्या डोळ्यांत पाहिलं. हे गाणं होतं, की दिवाळीसारखं काही सुरू झालं होतं? पूर्वी कीर्तीचं गाणं ऐकलं की नुसतं बरं वाटायचं. आता आधी भीती वाटायची, मग बरं. या आजाराने धुरपताचंही काहीतरी घेतलं होतं, ते तिला त्या बसमध्ये कळलं.

"पाहू नोको तशी," कीर्ती म्हणाली. "रातभर झोपली मी. नुसतं गानं आहे."

डॉक्टरीणबाईंपुढे कीर्तीने सारं सांगितलं. अडली तिथे तिने धुरपताकडे पाहिलं, पण धुरपता मधे बोलली नाही. बाईंनी हात पुढे धरायला लावले, थरथर पाहिली. पाणी किती पितेस, विचारलं.

"तहान त लय लागते. पन पीत नाही. पाणी पेलं का घडीघडी खड्ड्यातून उठा लागते. हातचं काम मोडते."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "अगं, पाणी कमी पडलं की हे औषध रक्तात वाढतं. तुझ्या हातांना तेच जास्त होत असेल. मनाने गोळी बंद करायची नाही आणि तहान मारायची नाही." गोळी त्याच रात्रीपासून पुन्हा सुरू करायची, पण थोडी कमी. आठवड्याने रक्त तपासायचं, मग पुढचं ठरवायचं. "थरथर कमी होईल असं वाटतं. पूर्ण जाईलच, असं आज नाही सांगत. नाही गेली तर दुसरे उपाय आहेत. पण मला सांगायचं. बरी म्हणायचं नाही."

"बरं," कीर्ती म्हणाली, आणि तिघी हसल्या.

रक्त तपासून झालं, नवी मात्रा ठरली. मागाच्या खड्ड्याशेजारी आता पाण्याचा एक पितळी गुंड भरून ठेवलेला असतो. कीर्ती पाणी पिते, उठते, पुन्हा येऊन बसते. शेवंताबाई टोमणा मारते, "माग चालवते का रहाट?" आणि गुंड रिकामा झाला की स्वतःच भरून आणते.

पुढच्या ताण्याला दोघी पुन्हा समोरासमोर बसल्या. थरथर बरीच कमी होती, पण गेली नव्हती. धुरपताने धागे निवडून दिले. कीर्तीने राख लावली, पहिल्या सांध्याला पीळ दिला. धरला. दुसरा धरला. तिसरा सुटला.

धुरपताचा हात आपसूक उचलला गेला. तिने तो मांडीवर ठेवला आणि वरून दुसऱ्या हाताने दाबून धरला.

कीर्तीने पुन्हा राख घेतली. पुन्हा सुटला. ती थांबली, गुंडातलं पाणी प्याली, सावकाश. मग ते दोन धागे तिने धुरपताकडे सरकवले.

"घे. हा तू कर. अन् तुझ्याच वळनाचा कर, माह्यासारखा कराले जाऊ नोको."