तूत गल्लीची संमती

मेकनेसच्या जुन्या शहरातल्या तूत गल्लीत एका सकाळी सामाईक भट्टीच्या भिंतीवर नगरपालिकेचा कागद चिकटवलेला दिसला, आणि दुपारपर्यंत माणसं एकमेकांच्या नजरा चुकवू लागली. भट्टी पाडून, तिच्यापुढचं अंगण सपाट करून, तिथे नव्या हॉटेलाच्या गाड्या उभ्या राहणार होत्या. हे वाईट होतंच. पण लोकांच्या मनात खरी आग लावली ती शेवटच्या ओळीनं. 'रहिवाशांच्या संमतीने', असं तिथे चक्क छापलं होतं.

कोणाच्या संमतीनं? कोणी दिली?

जेलाबा, म्हणजे टोपीचे लांब झगे, शिवणारे तिहामी दुकानाच्या उंबऱ्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या चेहऱ्यावर याचं उत्तर शोधत होते. शिलाईला आता गिऱ्हाईक उरलं नव्हतं. घर चालायचं ते बायकोच्या, मन्नानाच्या रोट्यांवर. ती पहाटे पीठ मळून फळीवरून त्याच भट्टीत न्यायची आणि भाजलेल्या रोट्या वेशीपाशी विकायची. भट्टी गेली की चूल थंड, इतका सरळ हिशोब होता.

"मला ठाऊक आहे कोणी घात केलाय," तिहामी संध्याकाळी म्हणाले. "समोरची लल्ला झोहूर! मोजणीवाले फीत घेऊन आले, तेव्हा चहा कोणाकडे प्याले? तिच्याकडे. तासभर!"

"अहो, सुईण आहे ती, आख्खी गल्ली तिला मानानं 'लल्ला' म्हणते. तुमच्या दोन्ही पोरी तिनं स्वतःच्या हातांवर झेलल्यात."

"म्हणूनच! सगळ्यांच्या घरात शिरलेली बाई. गल्ली विकायची तर तिच्याइतकं सोपं कोणाला जाणार?"

मन्नाना गप्प बसली, पण शंकेचा किडा एकदा डोक्यात शिरला की तो काही गप्प बसत नाही. तिहामी लल्ला झोहूरच्या दारावर पाळत ठेवू लागले. तिनं खिडकीला नवा रंग दिला. पैसे कुठून आले? तिचा भाचा फेस शहराहून भेटायला आला. हा दलाल तर नव्हे? शुक्रवारी तिनं नेहमीप्रमाणे कुसकुसचं ताट पाठवलं, ते तिहामींनी 'पोट बरं नाही' म्हणून झाकलेलंच परत धाडलं. शेजाऱ्याचं शुक्रवारचं ताट परत पाठवणं म्हणजे उघड संबंध तोडणं, हे त्या गल्लीत कोणाला समजावून सांगावं लागत नाही. चार दिवसांत बाकीच्या घरांनीही तिच्याशी बोलणं टाकलं. आणि मजा बघा, एवढ्या दिवसांत नगरपालिकेत जाऊन त्या कागदाबद्दल विचारायला मात्र एकही माणूस गेला नाही!

शेवटी तीच आली. भर दुपारी, डोक्यावरचा रुमाल नीट करत, तिहामींच्या दुकानासमोर उभी राहिली.

"काय रे तिहामी, पोट बरं झालं का तुझं?"

तिहामींनी सुईत दोरा ओवायचं नाटक केलं. "लल्ला, तोंड उघडायला लावू नका. मोजणीवाल्यांना चहा पाजलात ना?"

"पाजला. पुदिना जास्त घातला, साखर जास्त घातली. माणसाचं तोंड गोड झालं की जीभ सैल सुटते. त्यांनीच सांगितलं तुमची संमती कोणी दिली ते. तुम्हाला सांगायला निघाले, तर जो तो माझ्या तोंडावर दार लावतोय!"

"कोणी दिली?" तिहामी ताडकन उठले.

"तू."

"मी? अल्लाची शपथ, मी कुठे सही केली नाही की अंगठा दिला नाही!"

"हॉटेलवाल्यानं अंगणात मेजवानी दिली होती, आठवतं? आख्खं कोकरू. तू पहिल्या ओळीत, हाडाला हात घालून. जेवण झाल्यावर त्यानं बाहेरून आणलेल्या फकीहनी, धर्मपंडितांनी, हात पसरले, 'या गृहस्थाच्या कामात बरकत दे, ते तडीस ने' म्हणाले. गल्लीतल्या यच्चयावत पुरुषांनी हात वर केले आणि म्हटलं, आमीन. त्याचं चित्रण करून त्या माणसानं नगरपालिकेत दाखवलं. सगळ्यात मोठा आवाज तुझा आहे."

तिहामी पुन्हा खाली बसले. कोणी दुवा मागायला हात पसरले आणि आपण आमीन म्हटलं नाही, असं त्यांच्या हातून जन्मात झालं नव्हतं. काम कसलं, एवढं विचारायचं त्यांना सुचलंसुद्धा नव्हतं. सुचलं असतं तरी पोटभर जेवल्यावर विचारायची लाज वाटली असती. आणि त्याच तोंडानं ते आठवडाभर या बाईला गद्दार म्हणत होते!

"मग आता?" त्यांनी विचारलं. "दुवेला दिलेलं आमीन परत कसं घ्यायचं?"

"परत घेऊच नकोस. गुरुवारी सभा आहे, तिथे सगळ्यांना घेऊन ये. बायकांनासुद्धा."

गुरुवारी नगरपालिकेचं सभागृह तूत गल्लीनं भरलं. अध्यक्षांनी पडद्यावर ते चित्रण लावलं. पुरुषांनी माना खाली घातल्या. तिहामी उठले. "साहेब, तो मीच आहे. मी बरकत मागितली. भट्टी पाडायला मी हो म्हटलं नाही, कारण भट्टीचं नावसुद्धा त्या दिवशी कोणी काढलं नव्हतं. न विचारता मान डोलावली, ही माझी चूक!"

"सगळ्या गल्लीनं होकार दिलेला दिसतोय," अध्यक्ष म्हणाले.

लल्ला झोहूर उठली. "पुन्हा नीट बघा, साहेब. यात एक तरी बाई आहे का?"

अध्यक्षांनी चित्रण पुन्हा लावलं. त्यात सगळे पुरुषच होते.

"आम्हाला पंगतीला बोलावलंच नव्हतं. आम्ही गच्चीवरून बघत होतो. त्या भट्टीत रोज फळी कोण नेतं? आम्ही! यांचं आमीन अल्लाकडे पोचलं असेल. आमचं तर अजून कोणी मागितलेलंच नाही!"

सगळ्या बायका उठून उभ्या राहिल्या. मन्नानाही. सदस्य आपापसांत कुजबुजले, एकानं हळूच चित्रण बंद केलं. संमती रद्द झाली. पुढचा कुठलाही आराखडा आधी गल्लीत मांडायचा, बायका-पुरुषांनी बघायचा, मगच सभेत आणायचा, असं ठरलं.

घरी परतताना तिहामींनी लल्ला झोहूरला गाठलं. "लल्ला, मला माफ करा. पुन्हा कधी संशय घेणार नाही."

"घे की!" ती म्हणाली. "उद्या हॉटेलवाला दुसरा कागद घेऊन येईल, तेव्हा पहिल्यांदा संशय घे. पण मनात ठेवून ताटं परत पाठवू नकोस. अंगणात उभा राहा आणि सगळ्यांदेखत विचार."

मित्रहो, आपल्या गल्लीत काय राहावं आणि काय पडावं हे ठरवायचा हक्क बाहेरचा माणूस एका दिवसात हिसकावून नेत नाही. आपणच तो संकोचापोटी, न विचारता देऊन टाकतो, आणि मग चोर शेजारच्या घरात शोधतो. म्हणून प्रश्न आधी विचारा, तोंडावर विचारा, आणि घरातल्या बायकांना मागे ठेवून विचारू नका.