तुमच्यात

मी थापाड्या आहे हे आमच्या बाइंडिंग कारखान्यात कुणाला सांगावं लागत नाही. पुठ्ठा कापायच्या यंत्राने एकदा माझी सावली कापली, हे मी इतक्यांदा सांगितलंय की मी उन्हात उभा राहिलो तर लोक आधी खाली बघतात. त्यातलीच एक थाप मला भारी पडली.

शेजारच्या टेबलावर चाचा पुस्तकं शिवायचा. माझ्याहून तीन वर्षांनी लहान, पण मीही त्याला चाचाच म्हणायचो. कारखान्यात मुसलमान तो एकटाच, त्यामुळे जगात कुठेही काही झालं की जाब त्याला. प्रश्नाची सुरुवात ठरलेली. "चाचा, तुमच्यात..." तुमच्यात चार बायका का? तुमच्यात बुरखा का? कुठेतरी बॉम्ब फुटला, तुमच्यात त्याला काय म्हणतात? चाचा सुई थांबवायचा. "मला एक झेपत नाही, चार कुठल्या," म्हणून हसायचा, मग नीट समजावायचा. माहीत नसेल तर "विचारून सांगतो" म्हणायचा आणि दुसऱ्या दिवशी खरंच विचारून यायचा. तोवर समोरचा आपला प्रश्न विसरलेला.

यंदा त्यांचा उपासाचा महिना लागला आणि डॉक्टरने चाचाला बजावलं. साखर वाढलीय, गोळी घ्या, एकच्या ठोक्याला जेवा, उपास बंद. चाचाने डबा उघडला रे उघडला की कुणीतरी समोर उभं.

"चाचा, तुमच्यात उपास ना? मग हे काय?"

"आजाऱ्याला सूट असते, बाबा. ज्याला पुढेही जमणार नाही त्याने दिवसाला एका गरिबाला जेवू घालायचं. मी घालतो."

"म्हणजे सोयीप्रमाणे!"

की पुन्हा पहिल्यापासून. भोंगा वाजायचा, डबा तसाच. चौथ्या दिवशी गोळी पोटात आणि जेवण नाही, त्याची साखर एकदम उतरली आणि हाताला असा कंप सुटला की सुई बोटात गेली. मी चार चमचे साखर घातलेला चहा त्याच्या घशात ओतला.

आणि थाप मारली. टेबलाटेबलाशी जाऊन, आवाज खाली करून. "त्यांच्यात नियम आहे. या महिन्यात जेवणाऱ्याला जो प्रश्न विचारेल, त्या दिवसाचा उपास त्याच्या अंगावर. पाणीसुद्धा नाही."

प्रश्न बंद! आठ दिवस चाचा पोटभर जेवला. "लोक सुधारले रे," म्हणाला. मी यंत्राला तेल घालत बसलो.

नवव्या दिवशी दुपारी, छापील पानांचा क्रम तपासायला नवीनच आलेली बाई जिन्यावर डोकं धरून बसली होती.

"काय झालं पोरी, बरं नाही?" चाचाने विचारलं.

"सकाळी तुम्ही बिस्कीट खात होतात, तेव्हा मी विचारलं ना, उपास का नाही म्हणून? मला नियम माहीत नव्हता, चाचा. आता संध्याकाळपर्यंत काढते."

"कुठला नियम?"

तिने यंत्रापाशी बसलेल्या माझ्याकडे बोट केलं.

चाचा ओरडला असता तर बरं झालं असतं. तो येऊन माझ्याजवळ पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर बसला. "थापाड्या, तीस वर्षं मी लोकांनी आमच्या नावावर चिकटवलेलं खरवडतोय. आता तूही खळ घेऊन आलास?"

"अरे, तुझा डबा..."

"डबा माझा मी बघेन. ऊठ. जिथे जिथे सांगितलंस तिथे जाऊन परत घे."

सतरा टेबलं फिरलो. आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलत होतो आणि एकानेही विश्वास ठेवला नाही. "चाचाने दम दिलेला दिसतो," म्हणून सगळे हसले.

परत आलो तर चाचाने डबा जिन्यावर नेला होता. अर्धं जेवण झाकणात काढून तिच्यापुढे सरकवलं होतं. "खा. तुझ्यावर काही आलेलं नाही. आणि विचार, काय विचारायचं ते." सुई ओवताना करतो तसे डोळे बारीक करून तो वाट बघू लागला. मीही 'तुमच्यात' कधी येतं त्याची वाट बघत होतो.

ती घोटभर पाणी प्यायली. "तुम्हाला वाईट वाटतं का हो, उपास करता येत नाही त्याचं?"

चाचाने हातातला घास परत डब्यात ठेवला.

"हो," तो म्हणाला. "घरी सगळे पहाटे खायला उठतात. मी जागाच असतो. झोपल्याचं सोंग घेऊन पडतो."

मला त्यात घालायला काही सुचलं नाही. भोंगा वाजला. डबा अर्धाच झाला होता, पण या वेळी चाचाने तो बंद केला नाही. सावकाश जेवत राहिला.