पाठमोरी

मुलीचं 'मैना' हे लाडाचं नाव बापाने ठेवलं, तेव्हा ती पाच वर्षांची होईपर्यंत एकही शब्द उच्चारणार नाही, हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. आता त्या नावाने हाक मारताना आईलाच चोरट्यासारखं होई. शिलाईच्या कारखान्यात ती कापड बेतायचं काम करी. तिथल्या बायका गमतीने म्हणत, आमचं कार्टं घेऊन जा, त्याचं तोंड क्षणभर मिटत नाही. तीही हसे आणि कात्री पुन्हा खडूच्या रेघेवर आणी.

बोलण्याचे उपचार करणाऱ्या बाईंनी नियम घालून दिला होता. मुलीला हवी असलेली वस्तू हातात धरून थांबायचं. तिने आवाज काढल्याखेरीज द्यायची नाही. आईने काळजावर दगड ठेवून तो नियम पाळला. पाण्याचा पेला धरून ती "आई म्हण" म्हणत बसे. मैना रडे, स्वतःचा हात चावे, शेवटी पाठ फिरवून भिंतीकडे बघत राही.

दिवसभर मुलगी ताईकडे असे. ताई ही आईची सख्खी थोरली बहीण. तिला मूलबाळ नव्हतं. नियम तिलाही समजावून दिला होता. रोज संध्याकाळी आई दारातूनच विचारी आणि ताई मान हलवून सांगे, आजही काही नाही गं. विशेष मुलांच्या शाळेत एकच जागा उरली होती. हाक मारण्यापुरता तरी शब्द यायला हवा, अशी तिथली अट होती, आणि मुलाखत तोंडावर आली होती.

त्या दुपारी कारखान्याची वीज गेली आणि सगळ्यांना लवकर सोडलं. ताईचं दार नुसतंच लोटलेलं होतं. आत ताई ओट्याकडे तोंड करून उभी होती. मागे मैना तिची बाही ओढत होती. ताई हलत नव्हती. नियम तोच होता, फक्त पेल्याच्या जागी ताईने स्वतःलाच रोखून धरलं होतं.

"आई," मैना म्हणाली.

ताई वळली, तिने मुलीला उचलून छातीशी धरलं आणि मग तिला दारातली बहीण दिसली.

"कधीपासून?"

ताईने आधी आढेवेढे घेतले. मग सांगून टाकलं, की थंडी सरायच्या आधीपासून. 'मावशी' पोरीच्या जिभेला पेलत नव्हतं, 'आई' सोपं गेलं, एवढंच.

"आणि मला रोज नाही म्हणत राहिलीस."

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी शाळेत घातलं असतंस तिला," ताई खाली बघत म्हणाली. "मग माझ्या घरात कोण होतं?"

आईने लेकीला ओढून घेतलं. मैना वाटभर मागे वळून बघत होती. घरी आईने पेला हातात धरला. मैना भिंतीकडे तोंड करून बसली. तेव्हा आईने पहिल्यांदाच नियम मोडला आणि पेला तिच्या ओठांना लावला.

मुलाखतीच्या सकाळी आई आपण होऊन ताईच्या दारात गेली. ताई रडायला लागली, तशी ती म्हणाली, "रडायचं नंतर. आधी चल, आणि तिथे पाठ करून उभी राहा."

शाळेच्या मोठ्या बाईंसमोर ताई खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. मैनाने खुर्चीवरून उतरून स्पष्ट हाक मारली. ताई सवयीने वळली. बाईंनी समाधानाने मान डोलावली, जागा पक्की झाल्याचं सांगितलं आणि त्या ताईला म्हणाल्या, "छान करून घेतलंत हो. आणि या कोण?"

ताईने बहिणीकडे बघितलं.

"मी तिची आई," बहीण पुढे होत म्हणाली. "सोडायला आणि न्यायला मीच येईन. दुसऱ्या कुणाच्याही हाती मुलगी देऊ नका."

ताईने पुन्हा खिडकीकडे तोंड फिरवलं. मैनाने पुन्हा हाक मारली, मग आणखी मोठ्याने. बहिणीने वळू नये म्हणून आई तिच्या पाठीकडे एकटक बघत राहिली.